धिंगरीच्या खोलीतील आर्द्रता: नाशिकच्या हवेत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घरातल्या रिकाम्या खोलीत, गाळ्यात किंवा मळ्यातल्या शेडमध्ये घेता येते, हे नाशिक परिसरात आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. गव्हाचे आणि सोयाबीनचे काड निफाड-सिन्नरकडे आणि भाताचा पेंढा इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे सहज मिळतो. काड भिजवणे, गरम पाण्याची प्रक्रिया करणे, पिशव्या भरणे आणि स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बी, पेरणे या गोष्टी प्रशिक्षणात व्यवस्थित शिकवल्या जातात. अडचण सुरू होते ती अळिंबीचीच पांढरी बुरशी पिशवीभर पसरून पिशव्या उघडल्यावर. त्या दिवसापासून अळिंबीला साधारण ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते आणि त्याच वेळी ताजी हवाही लागते, कारण वाढणारी बुरशी सतत कार्बन डायऑक्साइड सोडत असते. खिडक्या लावून घेतल्या तर आर्द्रता टिकते, पण अळिंबीचे देठ लांबतात आणि टोप्या बटणाएवढ्याच राहतात. खिडक्या उघडल्या तर हवा सुधारते, पण तासाभरात टोप्यांच्या कडा वाळून तडकतात. नवा उत्पादक या दोहोंच्या मध्ये हेलपाटे घालतो आणि शेवटी हातात फवारणीचा पंप घेऊन दिवसातून आठ वेळा पिशव्या भिजवू लागतो, ज्यामुळे तिसरीच अडचण, म्हणजे जिवाणूंचे पिवळे डाग, उभी राहते.

या अडचणीवर माझ्या मते टिकाऊ उपाय एकच आहे. खोलीत असलेली हवा ओली करत बसण्यापेक्षा खोलीत येणारी हवा दारातच ओली करून आत घ्यावी, आणि उरलेली थोडी उणीव आत भरून काढावी. पुढच्या सर्व पायऱ्या या एका विचारावर बेतलेल्या आहेत.

आधी हवेचा हिशेब

आर्द्रतेचा जो टक्का मापक दाखवतो तो हवेतील पाण्याचे वजन नसून, त्या तापमानाला हवा जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या तुलनेत तिच्यात किती बाष्प आहे, हे सांगणारा आकडा असतो. एक घनमीटर हवा १० अंश सेल्सिअसला सुमारे ९.४ ग्रॅम, २० अंशांना १७.३ ग्रॅम, २५ अंशांना २३ ग्रॅम आणि ३० अंशांना ३०.४ ग्रॅम बाष्प धरू शकते. तापमान वाढले की धारणशक्ती झपाट्याने वाढते, त्यामुळे पाण्याचा एक थेंबही कमी न होता टक्का खाली येतो.

नाशिकच्या हिवाळ्यात याचा अनुभव फार स्पष्टपणे येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर १० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर हवा चांगली ओलसर आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्या हवेत घनमीटरमागे फक्त सात ग्रॅम बाष्प असते, आणि तीच हवा खोलीत येऊन २० अंशांपर्यंत तापली की मापकावर ४१ टक्के दिसतात. गारठा आहे म्हणून हवा दमट असणार, या समजुतीने रात्रभर खिडकी उघडी ठेवणाऱ्याच्या पिशव्या सकाळी कोरड्या का पडतात, याचे उत्तर या आकड्यात आहे.

आता आपल्या खोलीला किती पाणी लागेल ते काढू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीचे आकारमान सुमारे २८ घनमीटर भरते. धिंगरीच्या खोलीतील हवा तासाला किमान चार वेळा बदलावी, असा साधारण दंडक आहे; पिशव्या दाटीने टांगल्या असतील तर सहा-आठ वेळा. बाहेरची हवा २५ अंशांवर ३० टक्के असेल तर तिच्यात घनमीटरमागे सात ग्रॅमपेक्षा थोडे कमी बाष्प असते, आणि ८५ टक्क्यांसाठी साडेएकोणीस ग्रॅम हवे असते. म्हणजे प्रत्येक घनमीटरला पावणेतेरा ग्रॅम पाणी, आणि तासाला चार वेळा हवा बदलल्यास साधारण १.४ लिटर पाणी बाष्परूपाने हवेत जायला हवे. दिवसाचे ३० लिटरहून अधिक झाले.

हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की बाजारातले अर्धे उपाय आपोआप गळून पडतात. घरगुती वापराचा अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर, म्हणजे कंपनांनी पाण्याचे धुके करणारे यंत्र, तासाला २५०-३०० मिलिलिटर पाणी देतो. तो बंद खोलीत चालतो, वाहत्या हवेत नाही. कोपऱ्यात ठेवलेल्या पाण्याच्या परातीतून तासाला जेमतेम काही ग्रॅम पाणी उडते, तेव्हा तिचा विचार सोडून द्यावा.

मोजमापाशिवाय सुरुवात करू नये

डिजिटल आर्द्रतामापक दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि त्याच किमतीचा असतो, म्हणजे पाच ते दहा टक्के इकडेतिकडे दाखवणे त्याच्या स्वभावातच असते. त्याची परीक्षा घरच्या मिठाने घेता येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घालावे. मीठ विरघळून जाता कामा नये, ओल्या वाळूसारखे घट्ट राहिले पाहिजे. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत शेजारी ठेवून रात्रभर सावलीत राहू द्यावे. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावरील हवेची आर्द्रता २५ अंशांच्या आसपास ७५ टक्के असते. सकाळी मापक ६९ दाखवत असेल तर तो सहा टक्के कमी सांगतो, हे त्याच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवावे. असे दोन मापक घ्यावेत आणि एक खोलीच्या मध्यभागी पिशव्यांच्या उंचीवर, दुसरा हवा आत येते त्या बाजूला टांगावा. फवाऱ्याचे तुषार थेट पडतील तिथे मापक ठेवल्यास तो सदैव ९९ दाखवील आणि आपली फसगत होईल.

ज्यांचा विजेच्या उपकरणावर विश्वास नाही त्यांनी काचेचे दोन सारखे तापमापक शेजारी लावावेत, एकाच्या फुग्याला मलमलची ओली वात गुंडाळावी आणि वाचन घेण्याआधी पुठ्ठ्याने दोन-तीन मिनिटे वारा घालावा. कोरडा तापमापक २५ अंश आणि ओला २३ अंश दाखवीत असेल तर आर्द्रता सुमारे ८४ टक्के असते. ओला २१ वर गेला तर ती ७० टक्क्यांवर आली असे समजावे. नव्वदीच्या पुढे स्वस्त डिजिटल मापक गडबडतात, तिथे ही जुनी जोडी जास्त भरवशाची ठरते.

खोलीची तयारी

पंखा किंवा फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे तोंड) आणण्यापूर्वी खोली हवाबंद करावी, हे वाचायला उलटे वाटेल. पण हवा आपण ठरवलेल्या एकाच वाटेने आत आली तरच ती ओली करता येते. दाराखालची फट, पत्रा आणि भिंत यांमधली जागा, खिडकीच्या तुटलेल्या काचा, वायरिंगची भोके हे सर्व फोम, सिलिकॉन किंवा जाड प्लॅस्टिकने बुजवावे. कुठे फट राहिली ते पाहण्यासाठी पंखा चालू करून पेटती उदबत्ती भिंतीकडेने हळू फिरवावी. धूर जिथे एकदम आडवा होतो तिथे हवा वाहते आहे.

उघड्या विटांची किंवा नुसत्या गिलाव्याची भिंत पाणी पीत राहते आणि काही आठवड्यांत हिरव्या-काळ्या बुरशीचे घर होते. म्हणून भिंती आणि छत आतून जाड पॉलिथिनने मढवावेत. छताचे प्लॅस्टिक सपाट ताणू नये. एका बाजूला उतार द्यावा, म्हणजे साचलेले दव भिंतीकडे वाहून जाते आणि पिशव्यांवर टपकत नाही. सातपूर-अंबडसारख्या भागातील पत्र्याच्या शेडमध्ये प्लॅस्टिक आणि पत्रा यांच्यामध्ये थर्माकोलचे थर किंवा किमान भाताच्या पेंढ्याचे आच्छादन द्यावे, कारण तापलेला पत्रा दुपारी खोलीचे तापमान पाच-सात अंशांनी सहज वाढवतो आणि आपण कष्टाने मिळवलेला आर्द्रतेचा टक्का झपाट्याने घसरतो. जमीन कोब्याची किंवा फरशीची असावी आणि तिला मोरीकडे उतार असावा.

येणारी हवा ओली करणे

ही मुख्य पायरी आहे आणि ती सावकाश समजून घ्यावी.

बहुतेक नवे उत्पादक भिंतीत एक्झॉस्ट पंखा लावतात आणि हवा कुठूनतरी आत येईल असे गृहीत धरतात. ती खरोखरच कुठूनही येते. त्यापेक्षा पंखा हवा येण्याच्या बाजूला बसवावा आणि त्याने ओल्या जाळीतून हवा आत ढकलावी. विरुद्ध भिंतीत खालच्या बाजूला हवा बाहेर जाण्यासाठी नुसती झडप किंवा जाळी असावी. या रचनेत खोलीत किंचित दाब राहतो, त्यामुळे एखादी फट राहिली तरी तिच्यातून कोरडी हवा आत न येता ओली हवा बाहेर जाते. दुसरा फायदा असा की पंख्याची मोटर कोरड्या बाजूला राहते. एक्झॉस्टच्या पात्यांवर अळिंबीच्या बीजाणूंचा जो पिठूळ थर बसतो आणि मोटर जाळतो, तो त्रासही वाचतो.

ओल्या पेटीची रचना साधी आहे. खिडकीच्या मापाची प्लायवूडची किंवा पीव्हीसी शीटची पेटी करून तिच्या बाहेरच्या तोंडाला पंखा आणि आतल्या तोंडाला कूलरमध्ये वापरतात ती मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसणारी चार इंच जाडीची कागदी जाळी बसवावी. वर भोके पाडलेली अर्धा इंची पाइप, खाली पाण्याची कुंडी आणि कुंडीत कूलरचा छोटा पंप एवढे पुरते. जाळीतून हवा सेकंदाला एक मीटर किंवा त्याहून कमी वेगाने जावी, म्हणजे तिला पाणी घ्यायला सवड मिळते. आपल्या २८ घनमीटरच्या खोलीसाठी दीड फूट गुणिले दीड फूट जाळी भरपूर होते. वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्श्याच्या जुन्या ताट्याही चालतात, परंतु त्या मध्येच दबतात, भोके पडतात आणि हवा त्या भोकांतून कोरडीच निसटते. पंख्याच्या बाहेर ३५-४० मेशची (इंचाला तेवढी छिद्रे असलेली) बारीक जाळी अवश्य लावावी, नाहीतर ओल्या वासाने चिलटे आत शिरतात.

पंखा निवडताना मोठेपणाचा मोह टाळावा. तासाला चार वेळा हवा बदलायची तर आपल्या खोलीला ताशी ११३ घनमीटर हवा लागते. सहा इंची पंख्यावर ताशी २५० घनमीटर लिहिले असेल तर जाळीच्या अडथळ्यानंतर तो पाच मिनिटे चालू आणि पाच मिनिटे बंद असा चालवला तरी पुरतो, आणि त्यासाठी सायक्लिक टायमर मिळतो. याउलट पुष्कळ जण घरचा डेझर्ट कूलर खिडकीला लावून मोकळे होतात. लहान कूलरही ताशी २००० घनमीटर हवा फेकतो, म्हणजे खोलीतील हवा तासाला सत्तर वेळा बदलते. त्या वाऱ्याने समोरच्या ओळीतील पिशव्या थेट सुकतात आणि मागच्या ओळीत मात्र सर्व ठीक दिसते.

ओल्या जाळीची मर्यादाही समजून घ्यावी. एप्रिलमध्ये दुपारी बाहेर ३८ अंश आणि २० टक्के असताना ओल्या फुग्याचे तापमान २१ अंशांच्या आसपास असते. साधारण बरी जाळी त्या हवेला २५ अंशांपर्यंत थंड करते आणि तिची आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांवर नेते. एका दगडात दोन पक्षी मारणारा असा उपाय आपल्या कोरड्या उन्हाळ्यातच शक्य आहे. कोकणातल्या दमट हवेत जाळी असा गारवा देऊ शकत नाही. पण ७० म्हणजे ८५ नव्हेत, आणि ही उरलेली पंधरा टक्क्यांची उणीव खोलीच्या आत भरून काढावी लागते.

उरलेली उणीव आत भरणे

या कामासाठी द्राक्षपट्ट्यातल्या कोणत्याही ठिबकच्या दुकानात मिळणारा फोर-वे, म्हणजे चार तोंडांचा, फॉगर पुरेसा आहे. जानोरी-मोहाडी भागातील गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये हेच फॉगर लावलेले दिसतात, त्यामुळे सुटे भाग आणि दुरुस्ती यांची चिंता नसते. चार किलो दाबावर असा फॉगर ताशी सुमारे २८ लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ आठ मिलिलिटर पाणी फेकतो. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे जाळी ७० टक्क्यांपर्यंतचे काम करीत असेल, तर आत तासाला सुमारे ४०० मिलिलिटर पाण्याचीच भर घालायची असते. म्हणजे एक फॉगर दर दहा मिनिटांनी आठ ते दहा सेकंद. नव्या उत्पादकाला हे फार कमी वाटते आणि तो मिनिट-मिनिट फॉगर सोडतो. मग फरशीवर तळे साचते, पिशव्या गळतात आणि मापक मात्र तेवढाच आकडा दाखवतो, कारण मोठे थेंब हवेत विरण्याआधीच खाली पडलेले असतात.

फॉगर छतापासून फूटभर खाली, रांगांच्या मधल्या वाटेवर टांगावा. पिशव्यांच्या डोक्यावर कधीही नको. प्रत्येक फॉगरला गळतीरोधक झडप असावी, नाहीतर पंप बंद झाल्यावर पाइपातले पाणी थेंबथेंब गळत राहते आणि नेमक्या त्या थेंबाखालची पिशवी सडते. पाणी येण्याच्या वाटेवर १२० मेशचा फिल्टर लावावा. दाब चार किलोपेक्षा कमी पडला तर तुषारांऐवजी शिंतोडे उडतात, म्हणून टाकीच्या उंचीवर विसंबून न राहता छोटा बूस्टर पंप घ्यावा.

अल्ट्रासॉनिक यंत्राचे धुके फॉगरपेक्षा कितीतरी बारीक असते आणि त्याने पिशव्या भिजत नाहीत, हा त्याचा गुण आहे. जाळी बसवलेल्या छोट्या खोलीत अशी दोन यंत्रे उरलेली उणीव भरून काढू शकतात. मात्र त्यांना आरओचे पाणी लागते. आपल्याकडील बहुतेक बोअरचे पाणी जड असते, आणि हे यंत्र पाण्यासोबत त्यातील क्षारही हवेत उडवते. काही दिवसांत पिशव्यांवर, मापकावर आणि आपल्या फुप्फुसांतही पांढरी भुकटी जाते. खर्च आणि देखभाल पाहता शंभरेक पिशव्यांच्या खोलीला मी फॉगरच सुचवीन.

भिंतींवर टांगलेले ओले गोणपाट आणि फरशीवर ओल्या वाळूचा थर हे उपाय मुख्य म्हणून कमी पडतात, पण वीज गेल्यावर दोन-तीन तास निभावून नेतात. गोणपाट दर आठवड्याला उन्हात वाळवावेत, अन्यथा त्यांच्यावरच हिरवी बुरशी माजते.

कोणत्या दिवसांत किती

पिशव्या बंद असतात ते पहिले पंधरा ते वीस दिवस खोलीत पाणी मारण्याची गरज नसते. काडातील ओल पिशवीतच राहते. त्या काळात अंधार आणि २५ अंशांच्या आसपास तापमान एवढेच पाहावे. या टप्प्यावर हौसेने चालवलेला फॉगर फक्त परक्या बुरशीचे भले करतो. म्हणून शक्य असेल तर बुरशी पसरण्याची खोली आणि उत्पादनाची खोली वेगळ्या ठेवाव्यात.

पिशव्या उघडल्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसेपर्यंतचे तीन-चार दिवस आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर ठेवावी. याच दिवसांत कोरडेपणा सर्वांत महागात पडतो, कारण वाळलेली कळी पुन्हा जगत नाही; ती पिवळी होऊन पिशवीला चिकटून राहते आणि तो बहर, म्हणजे त्या खेपेचे पीक, तेवढ्याने कमी होतो. टोप्या रुपयाच्या नाण्याएवढ्या झाल्या की आर्द्रता ८५ वर आणावी आणि हवा वाढवावी. काढणीच्या आदल्या रात्री ती ८० पर्यंत उतरू द्यावी. काढणीच्या दोन-तीन तास आधी फॉगर पूर्ण बंद ठेवावा, कारण भिजलेली अळिंबी डब्यात बंद केली की दुसऱ्या दिवशी बाजारात पोहोचेपर्यंत तिला वास येऊ लागतो.

दिवसाच्या कोणत्याही वेळी पाणी दिल्यानंतर टोप्यांचा पृष्ठभाग दोन-तीन तासांत कोरडा झाला पाहिजे. टोपीवरून बोट फिरवून पाहावे: ती गार आणि मऊ लागावी, पण बोटाला पाणी लागू नये. बोट ओले होत असेल तर फॉगरची वेळ निम्मी करावी. संध्याकाळचे पाणी उशिरा देऊ नये. रात्री तापमान उतरल्यावर टोप्यांवर दव साचते आणि सकाळी पिवळसर-तपकिरी चिकट डाग दिसतात.

नाशिकच्या चार ऋतूंप्रमाणे फेरबदल

जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बाहेरची हवाच ८५ ते ९५ टक्के असते. या दिवसांत जाळीचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा आणि फॉगरला हात लावू नये. पावसाळ्यात नुकसान होते ते बहुतेक पाण्याच्या अतिरेकाने. दोन पावसांच्या मध्ये चार दिवस कडक ऊन पडते तेव्हा मात्र बाहेरच्या मापकाकडे लक्ष ठेवावे. ऑक्टोबरमध्ये दुपारची हवा कोरडी होऊ लागते आणि जाळी पुन्हा सुरू करावी लागते.

हिवाळा अधिक विचार मागतो. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता हवेतून खेचली जाते. उन्हाळ्यात हा गारवा हवाहवासा असतो, पण निफाडसारख्या ठिकाणी थंडीची लाट असताना तोच नुकसान करतो. बाहेर १० अंश असताना खोली २० अंश आणि ८५ टक्के ठेवायची आणि हवा तासाला चार वेळा बदलायची, तर येणारी हवा तापवणे आणि पाण्याचे बाष्प करणे या दोहोंसाठी मिळून सुमारे एक किलोवॉटचा हीटर अखंड चालू ठेवावा लागेल. हे परवडणारे नाही. म्हणून रात्री पंख्याची वेळ निम्म्यावर आणावी, कारण गार खोलीत बुरशीचा श्वासही मंदावतो आणि कार्बन डायऑक्साइड कमी साठतो. जाळीचा पंप रात्री बंद ठेवावा आणि हवा थेट बाहेरून न घेता घराच्या आतल्या पडवीतून किंवा शेजारच्या खोलीतून घ्यावी. आर्द्रता वाढवायला हिवाळ्यात पाण्याची वाफ उपयोगी पडते, कारण ती खोली थंड करीत नाही. हवा निम्म्यावर आणल्यावर तासाला साधारण ४०० मिलिलिटर पाणी उकळले तरी पुरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवून वाफ करू नये, त्यातून कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. विजेचे, पाणी संपताच आपोआप बंद होणारे भांडेच वापरावे. थंडी सोसणारी फ्लोरिडासारखी धिंगरीची जात त्या महिन्यांसाठी निवडली तर निम्मी ओढाताण आपोआप कमी होते. उलट उन्हाळ्यासाठी गुलाबी धिंगरी घ्यावी.

पाणी, स्वच्छता आणि वीज

जाळीच्या कुंडीतील पाणी जसजसे उडते तसतसे मागे राहिलेले क्षार दाट होतात आणि जाळीवर दगडासारखा थर बसतो. आठवड्यातून दोनदा कुंडी पूर्ण रिकामी करून ताजे पाणी भरावे. पंधरवड्याला, दोन बहरांच्या मधल्या दिवसांत, दहा लिटर पाण्यात पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळून वरचे निवळ पाणी जाळीतून तासभर फिरवावे. पावडर ३० टक्के क्लोरीनची असेल तर हे द्रावण साधारण १५० पीपीएमचे (दहा लाख भागांत १५० भाग क्लोरीन) होते. त्या वेळी पंखा बंद ठेवावा आणि नंतर कुंडी धुऊन घ्यावी.

खोलीतील सर्व वायरिंग पीव्हीसी पाइपातून घ्यावे, बटणे आणि टायमर खोलीच्या बाहेर ठेवावेत, आतल्या दिव्यांना जलरोधक आवरण असावे. पंप आणि पंखा ज्या लाइनवर आहेत तिला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवेच. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पंपाचे बटण दाबणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा धोका आहे. दुसरा धोका बीजाणूंचा. पक्व धिंगरी हवेत असंख्य बीजाणू सोडते आणि रोज त्या हवेत काम करणाऱ्याला खोकला, ताप, दम्यासारखा त्रास होऊ शकतो. टोप्यांच्या कडा वर वळण्याआधीच काढणी करावी आणि आत जाताना नाक-तोंडावर एन-९५ मास्क लावावा.

यंत्रणा प्रत्यक्ष पाहून मगच खर्च करावा असे वाटत असेल, तर गोवर्धन येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी संशोधन प्रकल्पात चौकशी करावी.

पिशवीकडे पाहून दुरुस्ती

मापक बिघडू शकतो. पिशवी खोटे सांगत नाही, फक्त ती थोडे उशिरा सांगते. टोपीच्या कडा तपकिरी होऊन तडकल्या आणि पृष्ठभाग चामड्यासारखा लागला तर आर्द्रता कमी आहे किंवा पंख्याचा झोत थेट पडतो आहे. यापैकी कोणते ते ओळखणे सोपे आहे: तक्रार सर्व रांगांत असेल तर आर्द्रता, एकाच बाजूला असेल तर झोत. झोत अडवायला पंख्यासमोर भोके पाडलेली प्लॅस्टिकची लांब नळी छताशी बांधावी, म्हणजे हवा सगळीकडे सारखी उतरते. टोप्यांवर पिवळे, चिकट डाग म्हणजे पाणी साचते आहे. अशी अळिंबी काढून खोलीबाहेर न्यावी, फॉगर कमी करावा आणि पंखा वाढवावा. देठ लांब आणि टोपी लहान असेल तर ताजी हवा कमी पडते. अशा वेळी पंख्याची चालू वेळ पाच मिनिटांची सात-आठ करावी, आणि त्यासोबत फॉगरची वेळही त्याच प्रमाणात वाढवावी, कारण बाहेर जाणारी प्रत्येक जादा घनमीटर हवा आपले दहा-बारा ग्रॅम पाणी सोबत घेऊन जाते. एकदा लांबलेला देठ आखूड होत नाही. ती काढणी तशीच उरकावी आणि बदलाचा परिणाम आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या पुढच्या बहरात पाहावा.